नजर मोजणारं यंत्र : आय ट्रॅकिंग चालतं कसं, अडतं कुठे

डोळ्यांनी चालणारा संगणक घरात आला आणि तो नीट चालेना, तर दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो. तो पश्चिमेच्या खिडकीत असतो, चष्म्याच्या काचेत असतो, नाहीतर पलंगाच्या चढात असतो. मिरजेच्या दवाखान्यातून मोटर न्यूरॉन आजाराचं निदान घेऊन सांगली, तासगाव, विट्याकडे परतणाऱ्या घरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. या आजारात हातपाय जातात, आवाज जातो, पण डोळे हलवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. त्या डोळ्यांवर माणसाचं बोलणं पुन्हा उभं करायचं, तर यंत्र नेमकं काय मोजतं ते आधी समजून घ्यावं लागतं. ते समजलं की बिघाड घरच्या घरी सापडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याला काय दिसतंय ते यंत्राला कळत नाही. ते बाहेरून आपला डोळा पाहतं, त्यातल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजतं आणि त्यावरून नजर पडद्यावर कुठे टेकली असेल याचा हिशेब मांडतं. बाकी सगळं या हिशेबावर रचलेलं आहे.

डोळा उड्या मारतो

हात सरळ पुढे ताणून अंगठा उभा धरा. अंगठ्याची रुंदी नजरेच्या साधारण २ अंशांएवढी भरते. बारीक अक्षर वाचता येईल इतकं स्पष्ट आपल्याला जवळपास एवढ्याच भागातलं दिसतं, कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर तीक्ष्ण नजरेची जागा अगदी छोटी आहे. बाकीचं सगळं धूसर असतं. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारून ती छोटी जागा हव्या त्या गोष्टीवर आणून ठेवतो. वाचताना एका ठिकाणी तो साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद थांबतो आणि पुढे जातो. पडद्यावरच्या नेहमीच्या उड्या शंभर मिलिसेकंदांच्या आतच संपतात. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो.

उडी चालू असताना मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो. आरशासमोर उभे राहून स्वतःच्या उजव्या डोळ्याकडून डाव्याकडे पाहा. डोळे हललेले तुम्हाला दिसणारच नाहीत. तेच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करून पाहा, तिथे दिसतात, कारण पडद्यावरचं चित्र क्षणभर मागे असतं. पॅरिसमध्ये लुई एमिल जवाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, थांबत-थांबत जातो हे नोंदवलं गेलं. त्यानंतर अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी डोळ्यावर बसणारी प्लॅस्टरची वाटी करून तिला अॅल्युमिनियमची काडी जोडली आणि डोळ्याची हालचाल कागदावर उतरवली. आज डोळ्याला हात लावावा लागत नाही, ही गेल्या शतकाची मोठीच कमाई म्हणायची.

आणखी एक : थांबलेला डोळाही पूर्ण स्थिर नसतो. तो बारीक थरथरत आणि हळूहळू सरकत असतो. म्हणून नजरेवर चालणारा कर्सर थोडा नाचणारच. तो अजिबात न नाचणारा करायला गेलात, तर सॉफ्टवेअर मागच्या नोंदींची सरासरी काढत बसतं आणि कर्सर नजरेच्या मागे रेंगाळतो.

दोन ठिपके

घरात, गाडीत किंवा प्रयोगशाळेत वापरले जाणारे बहुतेक ट्रॅकर इन्फ्रारेड दिवे आणि कॅमेरा यांवर चालतात. दिव्यांची तरंगलांबी सहसा ८५० किंवा ९४० नॅनोमीटर असते. ८५० चा दिवा अंधारात मंद लाल दिसतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरला तो चांगला पकडता येतो. ९४० चा डोळ्याला दिसतच नाही, पण सेन्सरही त्याला कमी दाद देतो. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच मोबाइलमध्ये टोकाचा दिवा जांभळट चमकताना दिसेल. तो याच जातीचा उजेड.

इन्फ्रारेडच का? एक तर तो डोळ्याला टोचत नाही, त्यामुळे बाहुली आकसत नाही. दुसरं कारण आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. साध्या उजेडात गडद तपकिरी डोळ्यात बाहुली आणि भोवतीचं रंगीत कडं एकमेकांत मिसळून जातं, कॅमेऱ्याला सीमाच सापडत नाही. इन्फ्रारेडमध्ये मात्र तपकिरी रंगद्रव्य उजेड कमी शोषतं, कडं फिकट राखाडी दिसतं आणि मधली बाहुली काळीकुळकुळीत उठून येते. आधार केंद्रात डोळ्यांचा ठसा घेणारं यंत्रही याच कारणाने इन्फ्रारेड वापरतं.

तर पहिला ठिपका बाहुलीचा. दुसरा ठिपका म्हणजे कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक फुगीर भागावर पडलेली दिव्याची चकाकी. स्टीलच्या वाटीची पाठ दिव्याखाली धरून वाटी जागच्या जागी थोडी फिरवली, तरी चकाकी जवळपास तिथेच राहते. डोळ्याचंही तसंच. डोळा वळला की बाहुली बरीच सरकते, चकाकी फार कमी सरकते. दोघींमधलं अंतर आणि दिशा मोजली की डोळा कुठे वळलाय ते कळतं.

हे अंतर किती बारीक असतं ते पाहा. कॉर्नियाच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर. त्या वक्रतेच्या केंद्रापासून बाहुली साधारण सव्वाचार मिलिमीटरवर. डोळा १ अंश वळला, तर बाहुली चकाकीच्या तुलनेत जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकते. कॅमेऱ्याच्या चित्रात एका मिलिमीटरला १० पिक्सेल मिळत असतील, तर ही हालचाल एका पिक्सेलपेक्षाही कमी. म्हणून सॉफ्टवेअर बाहुलीच्या कडेवरचे अनेक बिंदू घेऊन त्यांच्यावर लंबवर्तुळ बसवतं आणि केंद्र पिक्सेलच्या अंशापर्यंत काढतं. पापणीने बाहुलीची वरची कड झाकली की लंबवर्तुळ चुकतं आणि तिथूनच पुढचा सगळा हिशेब ढळतो.

दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी चिकटून असेल, तर उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटून थेट परत येतो आणि बाहुली काळी न दिसता उजळ दिसते. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात ते यामुळेच. काही ट्रॅकर दोन्ही प्रकारचे दिवे आळीपाळीने लावून दोन चित्रांची वजाबाकी करतात, म्हणजे बाहुली एकटीच उरते.

कॅलिब्रेशन का टाळता येत नाही

बाहुलीच्या मध्यातून जाणारी रेषा आणि माणूस प्रत्यक्ष ज्या दिशेने बघतो ती रेषा एक नसते. तीक्ष्ण नजरेची जागा डोळ्याच्या मागे बरोबर मध्यावर नाही, थोडी कानाच्या बाजूला आहे. दोन रेषांमध्ये आडवा साधारण ५ अंशांचा फरक पडतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. ६० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर १ अंश म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर. म्हणजे यंत्र त्या माणसाच्या डोळ्याशी जुळवून घेतलं नाही, म्हणजेच कॅलिब्रेशन केलं नाही, तर नजर ५ सेंटिमीटर बाजूला दाखवली जाऊ शकते. एकाचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला चालत नाही ते यामुळे.

जुन्या आणि सोप्या पद्धतीत पडद्यावर ९ बिंदू एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येक बिंदूपाशी दोन ठिपक्यांमधलं अंतर नोंदवतात. मग आडव्या आणि उभ्या दिशेसाठी एकेक द्विघाती समीकरण बसवतात. प्रत्येक समीकरणात ६ सहगुणक असतात, म्हणून किमान ६ बिंदू लागतात. ९ घेतले की एखादा बिंदू चुकला तरी निभावतं. सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या अभियांत्रिकी कॉलेजात प्रकल्प करणाऱ्या मुलांनी सुरुवात इथूनच करावी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा इन्फ्रारेड गाळणी नसलेला कॅमेरा, त्यापुढे साधा उजेड अडवणारी काळी फिल्टर काच, एक ८५० नॅनोमीटरचा दिवा आणि ओपनसीव्ही हे चित्रं तपासणारं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम उभं राहतं. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एका दिव्याची ही पद्धत डोकं हनुवटीच्या टेकूवर स्थिर असेपर्यंतच चालते, डोकं मोकळं ठेवायचं तर निदान दोन दिवे आणि डोळ्याचा त्रिमितीय हिशेब लागतो. आणि दिव्याची ताकद अंदाजाने वाढवायची नाही. इन्फ्रारेड दिसत नसल्याने डोळा मिटून घ्यायची प्रतिक्षिप्त क्रिया होत नाही. दीर्घकाळ डोळ्यावर पडणाऱ्या इन्फ्रारेडची आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉट आहे आणि चांगले ट्रॅकर तिच्या बरेच आत राहतात.

चांगल्या ट्रॅकरची अचूकता अर्धा ते एक अंश असते. साध्या वेबकॅमवर, इन्फ्रारेडशिवाय, चूक तीन-चार अंशांची किंवा जास्तही होते, म्हणजे पडद्यावर तीन-चार सेंटिमीटर. त्यावर मोठी चार-सहा बटणं चालतात, कीबोर्ड चालत नाही. २०२४ मध्ये आयफोन आणि आयपॅडच्या काही मॉडेलवर पुढच्या कॅमेऱ्यानेच नजर पकडायची सोय आली. ज्याच्याकडे फोन आहेच त्याने ती आधी करून पाहावी.

जाहिरातीत मोठा आकडा असतो तो हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती नोंदी. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी एक नोंद होते. डोळ्याची ३० मिलिसेकंदांची उडी त्यात दोन नोंदींत आटोपते, म्हणून उडीचाच अभ्यास करणाऱ्यांना ५०० किंवा १००० हर्ट्झ लागतात. घरी टाइप करायला ६० हर्ट्झ पुरतात. जास्त हर्ट्झसाठी जास्त पैसे मोजू नका. त्याऐवजी डोकं किती हललं तरी यंत्र नजर सोडत नाही ते तपासा.

रस्त्यावर, दवाखान्यात, दुकानात

खंबाटकी घाट रात्री उतरणाऱ्या ट्रकचालकाकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पडद्यावरचा बिंदू नको असतो. त्याला दोनच प्रश्न पडतात : डोळे उघडे आहेत का, आणि रस्त्यावर आहेत का. पहिल्यासाठी परक्लोस नावाचं माप वापरतात. ठरावीक वेळात, सहसा एका मिनिटात, पापण्या ८० टक्के किंवा जास्त मिटलेल्या असण्याचा वेळ किती टक्के भरला ते त्यातून कळतं. दुसऱ्यासाठी नजरेची ढोबळ दिशा पुरते. युरोपीय संघाने २०२४ च्या जुलैपासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना लक्ष विचलित झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली. ताशी ५० किलोमीटरच्या वर नजर साधारण साडेतीन सेकंद खाली राहिली की इशारा द्यायचा असा तो नियम आहे. ताशी ६० ला साडेतीन सेकंदांत गाडी ५८ मीटर पुढे जाते. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही २०२५ मध्ये बस आणि मालट्रकसाठी झोपेचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा मसुदा काढला. ऊसाच्या हंगामात रात्र-रात्र खेपा करणाऱ्या चालकांचा जिल्हा म्हणून आपण या विषयाकडे लक्ष ठेवायला हवं. पण यंत्र झोप आल्यावर सांगतं, झोप भरून काढत नाही. खेपांचं वेळापत्रक माणसानेच सुधारायचं आहे. गॉगलबद्दल सांगायचं, तर बऱ्याच काळ्या काचांतून इन्फ्रारेड आरपार जातो आणि डोळा दिसतो. इन्फ्रारेड अडवणारा लेप असलेल्या काचेमागे मात्र कॅमेरा आंधळा होतो.

चक्कर येणाऱ्या रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञ कॅमेरे बसवलेला बंद गॉगल लावतात, तेही आय ट्रॅकिंगच. आत अंधार मुद्दाम ठेवतात. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे होणारी डोळ्यांची थरथर नजर एखाद्या वस्तूवर स्थिरावली की दबते, अंधारात ती उघडी पडते. मान एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवं केल्यावर डोळे वरच्या दिशेने आणि गोल वळत थरथरले, तर आतल्या कानातले बारीक खडे तिथल्या कुठल्या नळीत सरकलेत ते डॉक्टरांना कळतं. चष्मा घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेतही ट्रॅकर लागतो. १९३ नॅनोमीटरचा लेसर कॉर्निया थराथराने घासत असताना डोळा हलला की किरण त्याच्यामागे सरकवला जातो, फार हलला तर लेसर थांबतो. माणूस आडवा झाल्यावर डोळा स्वतःभोवतीही काही अंश फिरतो, तोही हिशेबात धरतात.

दुकानं आणि जाहिरातवाले वापरतात ते लाल-पिवळ्या ढगांचे नकाशे, म्हणजे लोकांची नजर जिथे जास्त वेळ टेकली तिथे लाल ढग. त्यांच्याबद्दल स्पष्ट सांगावंसं वाटतं : लाल ढग म्हणजे आवड नव्हे. माणूस एखाद्या ठिकाणी जास्त वेळ बघतो तो आवडलं म्हणून, किंवा कळलं नाही म्हणून, किंवा अक्षर बारीक आहे म्हणूनही. छातीच्या एक्स-रेमध्ये डॉक्टरांच्या नजरेतून गाठ कशी निसटते यावर १९७८ मध्ये कुंडेल, नोडिन आणि कारमोडी यांनी काम केलं. निसटलेल्या बऱ्याच गाठींवर डॉक्टरांची नजर गेली होती, काहींवर तर ती रेंगाळली होती. तरीही गाठ म्हणून त्या ओळखल्या गेल्या नव्हत्या. रशियात आल्फ्रेड यार्बुस यांनी एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून लोकांना दाखवलं. माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर फिरे, कपडे लक्षात ठेवायला सांगितले की अंगावरून फिरे. त्यामुळे प्रश्न काय होता हे न सांगता कोणी नजरेचा नकाशा दाखवला, तर त्यावरून निष्कर्ष काढू नये.

याच कारणाने नजरेच्या नोंदी जपायलाही हव्यात. इन्फ्रारेड चित्रात डोळ्याची ओळख पटवणारी नक्षी असू शकते, आणि नजरेच्या वळणावरून थकवा किंवा आजाराची चाहूलही लागू शकते. घेताना विचारा : डोळ्याची चित्रं यंत्रातच राहतात का बाहेर जातात, आणि नोंदी पुसता येतात का. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्न विचारायला आधारही आहे.

पलंगाशेजारी

आता घरची मांडणी. ट्रॅकर पडद्याच्या खालच्या कडेला बसवतात, वर नाही. वरून पाहिलं तर पापणी आणि केस बाहुली झाकतात, खालून पाहिलं तर डोळा मोकळा दिसतो. पडदा डोळ्यांपासून ५५ ते ६५ सेंटिमीटरवर, आणि चेहऱ्याला समांतर. पलंगाची पाठ ३० अंश उचलली असेल, तर चेहरा छताकडे कललेला असतो, पडदाही तितकाच पुढे झुकलेला हवा. टेबलावर उभा ठेवलेला लॅपटॉप पलंगावरच्या माणसासाठी जवळजवळ कधीच चालत नाही. चाकांना ब्रेक असलेला जमिनीवरचा स्टँड आणि लांब हात, ही यंत्राइतकीच महत्त्वाची खरेदी आहे. जमिनीवर फुल्या करून चाकांच्या जागा ठरवून ठेवल्या, की रोज तेच अंतर मिळतं.

कॅलिब्रेशनच्या वेळी घाई नको. तयार ट्रॅकर डोळ्याचा त्रिमितीय हिशेब करतात, म्हणून त्यांना ५ बिंदू पुरतात, अगदी थकलेल्या माणसाला २ बिंदूंवरही भागवता येतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बिंदूऐवजी चित्र ठेवता येतं. नातवाचा फोटो ठेवा, नजर तिथे टिकते. घरच्यांनी पडद्यामागे उभं राहून "बाबा, इकडे बघा" म्हणू नये, कारण बाबा तुमच्या चेहऱ्याकडे बघतात आणि यंत्र ते बिंदूच्या नावावर नोंदवतं. शेजारी डोकं जवळ आणूनही बसू नये, काही ट्रॅकर तुमचेच डोळे धरून बसतात. आणि जो उजेड वापरताना असेल त्याच उजेडात कॅलिब्रेशन करा. उजेड बदलला की बाहुली लहान-मोठी होते आणि होताना तिचा मध्यही किंचित सरकतो.

चूक कशी दिसते त्यावरून कारण सापडतं.

सगळीकडे सारखीच चूक, म्हणजे कर्सर नेहमी दोन बोटं उजवीकडे : डोकं किंवा पडदा सरकलाय. हवेच्या गादीवर हे हमखास होतं, कारण तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि डोकं हळूहळू जागा सोडतं. मानेखाली घट्ट उशी, मग पुन्हा कॅलिब्रेशन.

फक्त खालच्या ओळी चुकतात : खाली बघताना पापणी बाहुलीवर येते. पडदा थोडा वर घ्या, किंवा खालची ओळ वापरूच नका.

एकाच बाजूला कर्सर उडतो : चष्म्याच्या काचेवर दिव्याचं प्रतिबिंब बाहुलीवर पडतंय. चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचला म्हणजे काचेचा कोन बदलेल, किंवा ट्रॅकर दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. दोन नंबरांच्या किंवा प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा आणि खालचा भाग किरण वेगवेगळे वळवतो, म्हणून संगणकाच्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा.

सकाळी चालतं, दुपारी चारनंतर बिघडतं : ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, तो चकाकी बुडवतो. खिडकीला पातळ पडदा पुरत नाही, जाड हवा. तारेचा जुना पिवळा बल्बही तसाच त्रास देतो, एलईडी ट्यूब देत नाही. खोलीत रात्रीही दिसणारा सीसीटीव्ही लावला असेल, तर त्याचे इन्फ्रारेड दिवे डोळ्यात जादा चकाक्या तयार करतात. तो वळवा किंवा बंद करा.

सतत थरथर : डोळे कोरडे असू शकतात. पापण्या कमी लवल्या की अश्रूंचा थर फाटतो आणि चकाकी पसरते. नेत्रतज्ज्ञांना विचारून थेंब सुरू करा, थेंब घातल्यावर काही मिनिटं थांबा. शेतात उन्हातान्हात काम केलेल्या माणसांत डोळ्यावर मांस वाढलेलं आढळतं. ते कॉर्नियावर आलं असेल तर चकाकी वेडीवाकडी होते, अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये दुसरा डोळा निवडा. तिरळेपणातही एकच डोळा निवडायचा. काजळ असेल तर पुसा, ते इन्फ्रारेडमध्येही काळंच दिसतं. आणि लाळ कमी करणाऱ्या काही औषधांनी बाहुली मोठी होते. औषध बदललं आणि त्याच आठवड्यात यंत्र रुसलं, तर औषध थांबवू नका, नव्याने कॅलिब्रेशन करा.

नजरेने बटण दाबायचं म्हणजे त्यावर ठरावीक वेळ नजर टेकवायची. हा वेळ फार कमी ठेवला, तर जिकडे बघावं ते दाबलं जातं आणि माणूस बघायलाच घाबरतो. १००० ते १२०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, हात बसला की ७००-८०० वर या. पडद्याच्या एका कोपऱ्यात "विश्रांती" हे बटण हवंच, म्हणजे नुसतं बघत बसता येतं. सुरुवातीला एका वेळी १५-२० मिनिटं पुरे.

मराठी टाइप करताना जागा पुरत नाही ही खरी अडचण. बटण निदान अडीच सेंटिमीटरचं हवं. १४ इंची लॅपटॉपची रुंदी ३१ सेंटिमीटर, म्हणजे एका ओळीत बाराच बटणं, आणि वरची ओळ लिहिलेल्या मजकुरासाठी जाते. पूर्ण कीबोर्ड कोंबण्यापेक्षा वर्णमालेचे वर्ग वापरावेत. पहिल्या पडद्यावर क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, "य र ल व", "श ष स ह ळ", स्वर आणि मात्रा. एक वर्ग निवडला की त्यातली अक्षरं मोठी होऊन येतात. दोन नजरांत एक अक्षर. शाळेत पाठ केलेली वर्णमाला असल्याने साठी-सत्तरीच्या माणसाला अक्षर शोधावं लागत नाही. आणि कीबोर्डच्या आधी पहिल्या पानावर तयार वाक्यं ठेवा : पाणी. कूस बदला. श्वास लागतोय. दुखतंय. पंखा कमी करा. सगळ्यांना बाहेर पाठवा. शेवटचं बटण लोक ठेवायचं विसरतात.

वीज गेली, यंत्र दुरुस्तीला गेलं, किंवा ते घेणं परवडतच नसलं, तरी नजरेने बोलता येतं. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून पारदर्शक अॅक्रिलिकची ४ मिलिमीटर जाड, साधारण ४२ बाय ३० सेंटिमीटरची शीट कापून घ्या आणि कडा घासून गुळगुळीत करून घ्या. मध्ये तळहाताएवढी खिडकी पाडायला सांगा. खिडकीभोवती आठ जागा होतात : वर तीन, खाली तीन, दोन बाजूंना एकेक. वरचे सात वर्ग सात जागी चिकटवा, आठव्या जागी अ, इ, उ, ए, ओ. वर्गातली पाच अक्षरं पाच रंगांत, सगळीकडे त्याच क्रमाने. तेच पाच रंग गोल टिकल्यांच्या रूपात वर डावीकडे, वर मध्ये, वर उजवीकडे, खाली डावीकडे आणि खाली उजवीकडे लावा. अक्षरं शीटच्या दोन्ही अंगांना, पाठीला पाठ लावून चिकटवा, म्हणजे बघणाऱ्यालाही सरळ वाचता येतील.

शीट दोघांच्या मध्ये, आजारी माणसापासून हातभर अंतरावर धरा आणि खिडकीतून त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. पहिली नजर वर्गावर, मग परत खिडकीकडे, दुसरी नजर रंगावर. अक्षर मोठ्याने म्हणा. बरोबर असेल तर त्यांनी वर बघायचं, चूक असेल तर डोळे मिटायचे. मात्रांच्या मागे लागू नका : "प", "ण" झालं की "पाणी का?" असं विचारा.